जुना कपडा कसा पारखावा, हेही पुरवणीने सांगावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की आपल्या पुरवणीतील पेहरावविषयक सदरात रंगसंगती, ओढणी घेण्याच्या तऱ्हा आणि यंदाच्या ब्लाउजचे गळे यांची चर्चा असते. सदर वाचनीय आहे, परंतु त्यातील प्रत्येक सल्ला नवी खरेदी गृहीत धरून दिलेला असतो. नाशिकमध्ये शिकण्यासाठी वसतिगृहात राहणारी मुले, सातपूर-अंबड भागात नव्याने नोकरीला लागलेले तरुण आणि आता कॉलेज रोडवरची सुस्थितीतील घरेसुद्धा ओळखीतून, बाजारातून किंवा मोबाइलवरून वापरलेले कपडे घेतात. नवा कपडा दुकानदार निदान बदलून तरी देतो. वापरलेल्या कपड्याची पारख घेणाऱ्यानेच जागच्या जागी करावी लागते, आणि ती कशी करावी हे सांगणारे कोणी नसते.

शिवणकाम करणारी व्यक्ती म्हणून मी सांगेन की, रंग आणि फॅशन यांच्याआधी खांदा पाहावा. कंबर, बाही आणि उंची कमी करणे सोपे असते. आत शिलाईला माया, म्हणजे जादा कापड, सोडलेली असेल तर वाढवताही येते. खांद्याची शिलाई मात्र दंडावर उतरत असेल, तर तो सदरा किंवा कोट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण खांदा उसवून बसवण्याची मजुरी कपड्याच्या किमतीपेक्षा जास्त होते. त्यानंतर कपडा उलटा करून उजेडाकडे धरावा. काख, कॉलरची घडी, पँटची बैठक आणि गुडघा या ठिकाणी वीण विरलेली चटकन दिसते. सुटलेली शिलाई, तुटलेले बटण किंवा बिघडलेली चेन यांची धास्ती घेण्याचे कारण नाही, ती कामे कोणताही शिंपी करून देतो. काखेतला पिवळा डाग मात्र बहुधा जात नाही. सुती कपड्याच्या बाबतीत तर जुनेपणाचा एक फायदाच असतो: जो आटायचा तो आटलेला असतो आणि रंग जायचा तेवढा गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या धुण्यानंतरची फसगत सहसा होत नाही.

जिल्ह्यात निफाडचा घसरलेला पारा दरवर्षी हिवाळ्यात बातमीत येतो, तरीही आपल्याकडे जाड जॅकेट अंगावर चढते ते वर्षातून काही आठवडेच. त्यामुळे वापरलेल्या वस्तूंमध्ये गरम कपड्यांइतकी चांगली खरेदी दुसरी नसावी. लोकरीला कसरीची बारीक भोके पडलेली नाहीत ना, एवढे मात्र पाहून घ्यावे.

येवला आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे पैठणीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. एखाद-दोन समारंभांत नेसून कपाटात पडलेल्या पैठण्या आता विकल्या जातात आणि अनेक जणी केवळ काठावरचा मोर पाहून त्या घेतात. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी मागच्या बाजूनेही जवळपास तितकीच स्वच्छ दिसते; यंत्रमागावरच्या साडीच्या पाठीला सुटे किंवा कापलेले धागे लोंबतात. दुसरी गोष्ट घडीची. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले तर त्या रेषेवर चिरते, म्हणून साडी पूर्ण उलगडून प्रत्येक घडी हलक्या हाताने ताणून पाहावी, आणि विकणारी व्यक्ती तसे करू देत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा.

या सगळ्याला घरातून होणारा विरोध ठाऊक आहे. ‘कोणाच्या अंगावरचे, मयताचे तर नसेल?’ हा प्रश्न आमच्या पिढीतील बायका हमखास विचारतात. त्यावर वाद घालू नये. ज्यांना शंका वाटते त्यांनी ओळखीतल्या घरांतूनच घ्यावे. स्वच्छतेचा मुद्दा निराळा आणि रास्त आहे: सुती कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत, रेशीम आणि लोकर ड्रायक्लीन करून घ्यावी, अंतर्वस्त्रे मात्र वापरलेली घेऊच नयेत. पण ज्या घरांत बाळाची पहिली दुपटी आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याची होतात आणि त्याच लुगड्यांच्या गोधड्या अंथरल्या जातात, तिथे वापरलेल्या कापडाची सरसकट किळस मला तरी पटत नाही.

तेव्हा विनंती अशी की, सदरात महिन्यातून एकदा तरी या विषयाला जागा द्यावी आणि त्यासाठी मॉडेलऐवजी एखाद्या अनुभवी शिंप्याला बोलते करावे. रफू करणारे कारागीर शहरात आता शोधावे लागतात. मेनरोड आणि शालिमार परिसरातील सेलच्या जाहिराती आपण छापताच. त्यांच्या शेजारी रफू आणि आल्टरेशन कोठे होते व साधारण काय मजुरी पडते, एवढी चार ओळींची माहिती दिली, तरी पुष्कळांची सोय होईल.

आपली एक वाचक,
पंचवटी, नाशिक