‘आय सेवन’ म्हणजे नेमका कुठला, तेवढं तरी लिहा

संपादक महोदय,

चवथ जवळ आली की कॉम्प्युटरच्या जाहिरातींना नुसता ऊत येतो. पेपरात, व्हॉट्सॲपवर, दुकानाच्या काचेवर, सगळीकडे तेच, "गेमिंग पीसी, आय सेवन, 16 जीबी रॅम, 4 जीबी ग्राफिक कार्ड, ऑफर चवथीपर्यंतच". घरातल्या पोराने दहावी झाल्यापासून भुणभुण लावलेली असते, आईवडील बघतात की आय सेवन आहे म्हणजे आय फाईव्हपेक्षा भारीच असणार, आणि घेऊन टाकतात. माझं म्हणणं एवढंच की जाहिरातीत आणि कोटेशनवर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहा, आणि लिहिलेलं नसेल तर गिऱ्हाइकाने खिशात हात घालू नये. मापशाच्या बाजारात कोणी नुसतं "मासे, पाचशे रुपये" म्हणालं तर आपण पहिलं विचारतो ना की इसवण की तारले? मग इथेच का गप्प बसतो?

आय सेवन हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं नाव, आणि ते 2008 पासून चालू आहे. त्यातला 3770 मॉडेलचा प्रोसेसर 2012 चा, त्याला डीडीआर3 ह्या जुन्या प्रकारची रॅम लागते, आणि विंडोज 11 त्याच्यावर अधिकृतपणे चालत नाही कारण इंटेलची आठवी जनरेशन (पिढी) किंवा त्यापुढची पाहिजे, आणि विंडोज 10 चा सपोर्ट तर ऑक्टोबर 2025 मध्येच संपला. 2022 चा साधा आय थ्री 12100एफ गेममध्ये त्याला आरामात मागे टाकतो. गेमचं चित्र मॉनिटरवर आणणाऱ्या ग्राफिक कार्डाचं पण तेच. जीटी 730 हे 2014 चं कार्ड 4 जीबीत मिळतं म्हणून जाहिरातीत "4 जीबी" छापायचं, पण आताच्या गेम त्याच्यावर रडतात, नुसती मेमरी असून काय करायचंय. जुना माल विकूच नका असं कोणी म्हणत नाही, जुना म्हणून सांगून विका ना बाबा.

परवाच आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने कोटेशन आणून दाखवलं. आय फाईव्ह 12400एफ, एच610 मदरबोर्ड (ज्याच्यावर सगळे पार्ट बसतात तो बोर्ड), 16 जीबी डीडीआर5 रॅम, आरएक्स 6600 ग्राफिक कार्ड, 500 वॅट एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), आरजीबी म्हणजे रंगीत दिव्यांची कॅबिनेट. कागदावर झकास. पण एच610 चे बोर्ड डीडीआर4 वाले पण येतात आणि डीडीआर5 वाले पण, आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसतच नाही, मधली खाच वेगळ्या जागी असते. दुकानात फोन करून बोर्डाचं पूर्ण नाव विचारलं तर शेवटी "डी4" निघालं, म्हणजे डीडीआर4 चा! नाव आधीच लिहिलं असतं तर त्या पोराला पण गूगल करून दोन मिनिटांत कळलं असतं.

मग एसएमपीएस. ह्याच्याकडे कोणी बघतच नाही आणि खरी गोम इथेच असते. त्याच्या बाजूच्या स्टिकरवर +12 व्होल्टच्या खाली अँपिअर लिहिलेले असतात, त्यांना 12 ने गुणायचं, कारण कार्ड आणि प्रोसेसर त्याच्यावरच चालतात. कोटेशनमधल्या एसएमपीएसवर 18 होते, म्हणजे 216 वॅट, डब्यावर मोठ्या अक्षरात 500 असलं तरी. आरएक्स 6600 ला 132 वॅट लागतात, 12400एफ जोरात चालला की 117 पर्यंत जातो, झाले 249, अजून पंखे आणि एसएसडी (फायली साठवायची डिस्क) धरलेच नाहीत. वर कार्डाला लागणारी आठ पिनची वायरच त्याला नव्हती, "कन्व्हर्टर लावून देतो" म्हणे. आपल्याकडे पावसात लाईट कशी येते-जाते ते सांगायला नको, त्यात असला डबा लावला तर तो जळताना बोर्ड पण घेऊन जाऊ शकतो. चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा घ्या, आरजीबी पंखे नंतर घ्या, आणि यूपीएससाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

"कार्ड पुढच्या वर्षी घेऊ" असा बेत असेल तर नावात शेवटी एफ असलेला इंटेल प्रोसेसर घेऊ नका, त्याच्यात ग्राफिक्स नसतं, मॉनिटर काळाच राहणार. एएमडी ह्या दुसऱ्या कंपनीच्या रायझन 5600 प्रोसेसरचं तसंच, 5600जी मध्ये मात्र ग्राफिक्स असतं. हे दोन्ही एएम4 सॉकेटचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), डीडीआर4 वाले. 2022 मध्ये आलेल्या एएम5 सॉकेटला फक्त डीडीआर5 चालते, त्यामुळे "तोच बोर्ड ठेवून नंतर नवीन प्रोसेसर टाकू" म्हणणाऱ्याने आधी सॉकेट बघावं. बी450 चा जुना एएम4 बोर्ड असेल तर 5600 साठी बायोस (बोर्डातलं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का ते दुकानातच विचारून घ्या. आणि 2025 च्या शेवटी रॅमचे भाव चढले तरी शक्यतो 8 जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, 16 ची एकच पट्टी लावली तर डुअल चॅनल, म्हणजे दोन वाटांनी एकदम चालणारी रॅम, मिळत नाही, 5600जी वर तर तो फरक लगेच दिसतो.

बिल जीएसटीचं आणि त्याच्यावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर मागा, नुसतं "असेंबल्ड पीसी 1 नग" लिहिलेलं चालवून घेऊ नका, वॉरंटीला कार्ड एका कंपनीकडे जातं आणि बोर्ड दुसऱ्या. आणि संपादकसाहेब, तुमच्या पेपरात अशी जाहिरात आली तर प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचं मॉडेल तरी दुकानदाराकडून मागून घ्या, अर्धी ओळ जास्त लागेल फार तर.

– एक वाचक, डिचोली