युनिट टेस्ट प्रत्यक्ष बोर्डवर चालवल्या जाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वॉशिंग मशीनपासून रुग्णालयातल्या सलाइन पंपापर्यंत असंख्य उपकरणांत एक छोटा मायक्रोकंट्रोलर असतो. त्यात चालणारे सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, लिहिण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे. या क्षेत्रात रूढ झालेल्या एका सवयीबद्दल हे पत्र आहे. फर्मवेअरमधील एकेक फंक्शन स्वतंत्रपणे तपासणाऱ्या युनिट टेस्ट आता बहुतेक ठिकाणी लिहिल्या जातात, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्या चालतात लिहिणाऱ्याच्या संगणकावर, आणि तिथे सगळ्या पास झाल्या की तपासणी संपली असे धरले जाते. ज्या चिपवर तो कोड वर्षानुवर्षे चालणार आहे, तिच्यावर त्या एकदाही चालवल्या जात नाहीत.

सी भाषेत लिहिलेला एकच कोड दोन्हीकडे सारखा वागतो, हा समज चुकीचा आहे. एका मिनिटाचे मिलिसेकंद काढण्यासाठी १००० गुणिले ६० असे लिहिले, तर संगणकावर ६०,००० हे उत्तर येते. आर्डुइनो उनो आर३ या शिकाऊंमध्ये लोकप्रिय असलेल्या बोर्डवरच्या (चिप बसवलेल्या सर्किटवरच्या) आठ बिटी चिपसाठी मात्र ‘इंट’, म्हणजे पूर्णांक साठवण्याचा सीमधला नेहमीचा प्रकार, १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि त्याच गुणाकाराचे उत्तर सहसा उणे ५,५३६ मिळते. त्या चिपवर रॅम अवघी दोन किलोबाइट आहे. संगणकावर सहज खपून जाणारा एखादा मोठा स्थानिक ॲरे (फंक्शनपुरती संख्यांची यादी) तिथे स्टॅक, म्हणजे अशा तात्पुरत्या गोष्टींसाठी असलेली रॅममधली जागा, ओलांडून शेजारच्या व्हेरिएबलवर लिहितो, आणि चूक दिसते ती भलत्याच ठिकाणी.

उपाय अवघड नाही. टेस्टसह कोड चिपसाठी क्रॉस-कंपाइल करायचा (संगणकावरच चिपच्या यंत्रभाषेत बदलायचा), डीबगर या जोडउपकरणामार्फत संगणकावरून बोर्डमध्ये फ्लॅश करायचा, म्हणजे चिपच्या कायमस्वरूपी मेमरीत लिहायचा, बोर्ड रीसेट करायचा आणि सिरीयल पोर्टवरून (बोर्ड व संगणक यांना जोडणाऱ्या साध्या संदेशवाहिनीवरून) येणारे निकाल संगणकावरच्या स्क्रिप्टने वाचायचे. टेस्ट बोर्डवर चालतात, सूत्रे संगणकाकडे राहतात. युनिटी, सीपीपीयूटेस्ट, प्लॅटफॉर्मआयओ, झेफिरचे ट्विस्टर अशी मुक्त साधने यासाठी उपलब्ध आहेत.

मात्र निकाल वाचणारी स्क्रिप्ट काळजीपूर्वक लिहावी लागते, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका प्रकल्पात मी लिहिलेली स्क्रिप्ट सिरीयलवरून आलेल्या मजकुरात फक्त ‘फेल’ हा शब्द शोधत असे. पुढे एका टेस्टमध्ये स्टॅक ओलांडला जाऊन बोर्ड मध्येच बंद पडू लागला. उरलेल्या टेस्ट चालल्याच नाहीत, ‘फेल’ कुठेही छापले गेले नाही, आणि स्क्रिप्ट कित्येक आठवडे सर्व ठीक असल्याचे सांगत राहिली. तेव्हापासून मी बोर्डकडून सुरुवातीला एकूण टेस्टची संख्या आणि अखेरीस ‘समाप्त’ अशी ओळ मागतो. ठरलेल्या वेळेत ती ओळ आली नाही किंवा संख्या जुळली नाही, तर ती फेरी नापास धरून संगणक बोर्डला रीसेट करतो. शिवाय पोर्ट उघडण्याआधीच बोर्ड बोलू लागला तर पहिल्या ओळी हरवतात, म्हणून संगणकाकडून एक अक्षर येईपर्यंत बोर्डने थांबावे, हेही आवश्यक आहे.

खऱ्या उपकरणाऐवजी त्याच्या नकलेवर विसंबण्याचे परिणाम किती मोठे असू शकतात, हे ४ जून १९९६ रोजी एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात दिसले. एरियान ४ साठी लिहिलेल्या दिशादर्शक प्रणालीच्या सॉफ्टवेअरमध्ये ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांत बसवताना मावली नाही, प्रणाली बंद पडली आणि उड्डाणानंतर मिनिटाच्या आत रॉकेट नष्ट झाले. जमिनीवरच्या एकत्रित चाचण्यांमध्ये या प्रणालीच्या जागी तिची सॉफ्टवेअर नक्कल वापरली होती. नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी खऱ्या उपकरणाला देऊन पाहिलीच नव्हती.

संगणकावरच्या टेस्ट निरुपयोगी आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्या काही सेकंदांत होतात, आणि हिशेबाचा किंवा प्रोटोकॉलचा बराचसा भाग तिथेच तपासून घ्यावा. बोर्डवर फ्लॅश करण्यात वेळ जातो आणि फ्लॅश मेमरी झिजते, हा आक्षेपही खरा आहे: उनोवरच्या चिपची मर्यादा १०,००० वेळा लिहिण्याची आहे, म्हणजे दिवसाला वीस फेऱ्या केल्या तर जेमतेम पाचशे दिवस. परंतु अनेक टेस्ट एकाच फर्मवेअरमध्ये बांधल्या आणि प्रत्येक बदलाऐवजी रोज रात्री एकदा चालवल्या, तर तोच बोर्ड कैक वर्षे पुरतो. एका सदोष उपकरणाच्या परतीपुढे बोर्डची किंमत नगण्य आहे.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांना माझी विनंती आहे की, प्रकल्प तपासताना विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवरचा निकाल न पाहता बोर्डकडून सिरीयलवर आलेला निकाल मागावा. फर्मवेअर बाहेरून लिहून घेणाऱ्या कंपन्यांनीही काम स्वीकारण्याच्या अटींत हीच नोंद मागावी, आणि तीत चिपचे नाव, कंपायलरची आवृत्ती व चाललेल्या टेस्टची संख्या असावी.

आपला विश्वासू,
एक फर्मवेअर अभियंता