गोदावरीचा नमुना घेताना दरवाजांचीही नोंद घ्या

प्रति,
मा. पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : गोदावरीच्या पाण्याची तपासणी करताना बंधाऱ्यांच्या दरवाजांची स्थिती व नमुन्याची वेळ नोंदविण्याबाबत.

माननीय महोदया,

मी नांदेडचा रहिवासी असून माझी सारी नोकरी रसायनशास्त्र शिकविण्यात गेली. गोदावरीच्या पाण्याची तपासणी होत नाही, अशी माझी तक्रार नाही. तपासणी होते आणि तिचे आकडेही निघतात. परंतु तो आकडा नदीच्या कोणत्या अवस्थेचा आहे हे त्यासोबत कळत नाही, आणि तेवढ्यामुळे त्याचा निम्मा उपयोग वाया जातो.

कोकणातल्या खाडीचे उदाहरण घ्यावे. तिथे नमुना घेणारा आधी भरती-ओहोटीची वेळ पाहतो. भरतीला ज्या जागी समुद्राचे खारे पाणी असते, त्याच जागी सहा तासांनी ओहोटी लागली की वरून आलेले नदीचे आणि नाल्यांचे पाणी असते. म्हणून भरतीचा उल्लेख नसलेला खाडीचा अहवाल जाणकार माणूस बाजूला ठेवतो. मराठवाड्याला समुद्र नाही. आपल्या दारावरून जाणाऱ्या गोदावरीला भरती भेटते ती थेट आंध्रात, धवळेश्वरमच्या खाली. पण पैठणपासून धर्माबादपर्यंतच्या गोदावरीला माणसाने केलेली भरती-ओहोटी आहे आणि ती दरवाजांच्या हाती आहे. नाथसागराच्या खाली ढालेगाव, मुदगल, डिग्रस, विष्णुपुरी, आमदुरा, बाभळी अशी बंधाऱ्यांची रांगच आहे. दरवाजे बंद झाले की वाहती नदी तळे होते. उघडले की त्या तळ्याच्या तळाशी साचलेले सगळे खालच्या गावाकडे निघते.

बाभळीचे तर वेळापत्रकच ठरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 28 फेब्रुवारी 2013 च्या निकालानुसार तिथले दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे असतात आणि त्यानंतर 2.74 टीएमसी क्षमतेचा साठा करता येतो. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यात घेतलेला नमुना नदीचा आणि डिसेंबरमध्ये त्याच जागेवर घेतलेला नमुना फुगवट्याचा, म्हणजे अडवून थांबलेल्या पाण्याचा. दोन्ही आकडे एकाच रकान्यात एकाखाली एक लिहिले, तर प्रदूषण वाढले की केवळ पाणी थांबले, हे सांगणार कोण?

दुसरा मुद्दा वेळेचा, आणि तो मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे. एका उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन मी विष्णुपुरीच्या खालच्या एका घाटावर गेलो. विसर्ग बंद होता, काठाला जलपर्णी दाटली होती आणि मधले पाणी हिरवेगार होते. सूर्योदयापूर्वी आम्ही काचेच्या बुचाची 300 मिलीची बाटली पाण्याखालीच भरली, आत बुडबुडा राहिला नाही ना हे पाहून तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड सोडले. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो. आमच्या बाटलीत तो जवळजवळ पांढराच राहिला. दुपारी दोन वाजता त्याच पायरीवर भरलेल्या बाटलीत मात्र गर्द तपकिरी साका बसला. मुले दोन्ही बाटल्या उजेडात धरून बराच वेळ पाहत राहिली. कारण साधे आहे : हिरवे शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करते, आणि रात्रभर ते शेवाळ व कुजणारा गाळ मिळून तो संपवितात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात ते याचमुळे. आमच्याकडचे भोई त्याला ‘पाणी नासलं’ म्हणतात आणि त्यांचे निदान अचूक असते.

नदीस्नानासाठीच्या निकषांत पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलीग्रॅम, बीओडी (पाण्यातली घाण कुजविताना जंतूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलीग्रॅमपर्यंत आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म (मैला मिसळल्याची खूण असलेले जंतू) 100 मिलीलिटरमध्ये 500 पर्यंत असावेत, कमाल 2500, असे सांगितले आहे. कार्यालयीन वेळेत, ऊन चढल्यावर घेतलेला नमुना पहिल्या निकषात सहज उत्तीर्ण होऊ शकतो. शिवाय कडक उन्हाने पृष्ठभागावरचे जंतूही काही प्रमाणात मरतात. माणसे मात्र गंगाखेडला काय, नांदेडला काय, पहाटे नदीत उतरतात. त्या वेळचे पाणी आपण मोजतच नसू, तर निकष कोणासाठी आहे?

म्हणून माझी पहिली विनंती अगदी कमी खर्चाची आहे. नमुन्याच्या प्रत्येक नोंदीत घड्याळाची वेळ, वरच्या आणि खालच्या बंधाऱ्याचे किती दरवाजे उघडे होते आणि विसर्ग किती क्युसेक होता, एवढे तीन रकाने वाढवावेत. दरवाजांची आणि विसर्गाची नोंद जलसंपदा विभाग ठेवतोच. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तक्त्यात येण्यासाठी दोन खात्यांत एक पत्रव्यवहार पुरेसा आहे. फेब्रुवारी ते जून या महिन्यांत, निदान नांदेड आणि गंगाखेड येथे, सूर्योदयापूर्वीचाही एक नमुना घ्यावा. तसेच पावसाळ्याच्या तोंडावर जेव्हा दरवाजे पहिल्यांदा उघडतात, तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत खालच्या बाजूला रोज तपासणी व्हावी, कारण उन्हाळाभर साचलेला गाळ त्याच दिवसांत हलतो आणि खालच्या गावांच्या पाणीपुरवठा विहिरी नदीपात्रातच आहेत.

स्वयंचलित यंत्रे बसवायची झाल्यास जरूर बसवावीत, पण प्राणवायू मोजणाऱ्या संवेदकावर अशा पाण्यात थोड्याच दिवसांत शेवाळाचा थर चढतो आणि मग तो खोटे आकडे देऊ लागतो. त्यामुळे यंत्राच्या किमतीबरोबर ते नियमित पुसून, पडताळून ठेवणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूद त्याच आदेशात असावी.

हे आकडे घाटावरच्या फलकावर मराठीत लागले, तर ते वाचायला आणि तपासून पाहायला आम्ही काठावरची माणसे तयार आहोत. माझे जुने विद्यार्थी आजही बाटल्या घेऊन पहाटे यायला राजी आहेत. मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी त्यांना सोबत घेतले, तर येत्या फेब्रुवारीतच सुरुवात करता येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक, नांदेड

प्रत : मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांच्या माहितीसाठी.