झेरॉक्सवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

वर्षभरात तुमच्याकडून शंभरेक पानं छापून नेली आणि दर पानाचे दोन रुपये तुम्ही मोजून घेतलेत. तो हिशेब चुकता आहे. बाकी राहिलंय ते काउंटरवर, मागे प्रोजेक्टवाली सहा पोरं उभी असताना बोलता येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्यांदा आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तांब्याच्या चकतीवर मिना चढवणं, म्हणजे काचेची पूड चाळणीने भुरभुरून भट्टीत वितळवणं, हे मला येतं. पण मला त्या पांढऱ्या मिन्यावर पणजोबांची मोडीतली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, हवी होती. गूळ, रॉकेल, बैलांची पेंड, जशीच्या तशी. हाताने गिरवून पाहिली. मोडी हात न उचलता धावत लिहायची लिपी. ब्रशने तिचं वळण मेलं. मग स्कॅन करून वॉटर-स्लाइड कागदावर, म्हणजे डेकॅलच्या कागदावर, लेझर प्रिंट काढली, पाण्यात भिजवून तिचा पापुद्रा चकतीवर सरकवला आणि भाजला. आठशे अंशांतून बाहेर आली ती कोरी करकरीत चकती. अशा एकूण अकरा.

तुमच्याकडे मी फक्त “जरा जास्त काळी प्रिंट” मागायला आले होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, “पण ताई, भाजल्यावर उरण्यासारखं त्यात आहे काय?” मग भंगारातल्या कार्ट्रिजचा मॅग्नेटिक रोलर काढलात आणि वर्तमानपत्रावर दोन टोनरच्या, म्हणजे प्रिंटरमधल्या काळ्या पुडींच्या, दोन चिमट्या ठेवल्यात. एक ढिम्म हलली नाही. दुसरी रोलर जवळ नेताच केसाळ सुरवंटासारखी उभी राहून त्याला चिकटली. “हिच्यात लोखंड आहे.” एवढंच बोलून तुम्ही पुढच्या मुलाचं आधार कार्ड झेरॉक्स करायला घेतलंत.

माझे अकरा तुकडे का गेले ते मला त्या क्षणी कळलं. ज्या टोनरचा काळेपणा नुसत्या काजळीचा, त्याचा भट्टीत धूर होतो. तुमच्या जुन्या एचपी प्रिंटरमधल्या १२ए कार्ट्रिजमध्ये टोनर चुंबकाने उचलला जातो, म्हणून त्यात लोहाचा ऑक्साइड घातलेला असतो. भट्टीत त्यातलं प्लॅस्टिक जळतं, लोह काचेत रुततं आणि गंजासारखा तपकिरी रंग देतं. पणजोबांची शाईही आता त्याच रंगाची झाली आहे, हा मात्र निव्वळ योगायोग.

पुढचंही तुमचंच. टोनर वाचवायची सेटिंग बंद केलीत, काळेपणा सगळ्यात वरच्या आकड्यावर नेलात आणि ते निसरडे कागद एकेक करून हाताने घातलेत. दोन कागद आत अडकले, त्यांचे पैसे घेतले नाहीत. भट्टीपाशी मी चुका केल्याच: पापुद्र्याखाली पाणी राहिलं आणि ‘गूळ’ फुटला, घाईने आत ढकललं तर फिल्म पेटून फोड आले. आता रात्रभर वाळवते, भट्टीच्या तोंडाशी धरून धूर पूर्ण जाऊ देते, मगच आत. तेही दोनेक मिनिटंच, कारण जास्त वेळ ठेवलं की अक्षरं काचेत बुडून फिकी पडतात.

आमच्या क्षेत्रातले काही लोक नाक मुरडतात. मिना म्हणजे जयपूरसारखा, सोनं खोदून त्यात भरलेला. छापील म्हणजे लबाडी. मला हे पटत नाही. लंडनजवळच्या बॅटरसीत 1753 ते 1756 या काळात तांब्याच्या कोरीव पाट्यांवरून कागदावर आणि कागदावरून मिन्यावर चित्रं उतरवत, आणि त्या डब्या आज संग्रहालयांत आहेत. जॉन ब्रुक्स नावाच्या आयरिश खोदकाम्याने 1751 मध्ये अशा छपाईचं पेटंट मागितलं होतं. मिळालं नाही. त्याने ही युक्ती जपायला सरकारदरबारी अर्ज केला. तुम्ही मला ती आधार कार्डाच्या दोन झेरॉक्सच्या मध्ये सांगून टाकलीत.

रोजकीर्दीचे चोवीस तुकडे आता झाले आहेत. पंचविसावा तुमचा. गेल्या महिन्यात तुमच्याच मशीनवर एक पान काढलं, त्यावर काय आहे ते तुम्ही गर्दीत पाहिलं नाहीत. तुमच्या काउंटरवरच्या पुठ्ठ्याचा फोटो होता तो: तुमच्या अक्षरातलं “कृपया सुटे पैसे द्यावेत”, शेवटच्या ‘त’वरच्या चहाच्या डागासकट. डागसुद्धा झकास भाजला गेलाय.

मंगळवारी दुपारी, गर्दी कमी असताना आणून देते. सुटे घेऊनच येईन.

तुमची,
डेकॅलवाली ताई