व्हायवाचे मार्क

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू रडायला लागलीस आणि मला पटकन काही सुचलंच नाही, म्हणून नाइट संपवून आल्या आल्या लिहितेय. थिअरीत एवढे छान मार्क आणि मेडिसिनच्या प्रॅक्टिकलला काठावर. एक्स्टर्नलना मी आवडलेच नाही म्हणालीस. असेलही तसं.

बावीस वर्षं मेडिसिन वॉर्डला काढलीत गं मी, परीक्षेच्या दिवशी पेशंट तयार ठेवायचं काम आम्हा सिस्टर लोकांचंच. एखाद्याला लाँग केसला, म्हणजे एकच पेशंट पूर्ण तपासून मांडायचा असतो तेव्हा, असा पेशंट मिळतो की तो चार परीक्षांना झोपून पक्का झालेला, स्वतःच सांगतो पोटात पाणी आहे डॉक्टर, कुशीवर वळू का, आणि शेजारच्या बेडवर ऐकू न येणारी आजी असते, तिची हिस्ट्री घेता घेताच त्या पोरीचा वेळ संपतो. त्यात सकाळी नऊचे सर आणि दुपारी चारचे दमलेले सर, दोघांत फरक पडतोच. त्यामुळे तुझा राग खोटा नाहीये.

पण सगळं एमसीक्यूवरच करा म्हणालीस ना, ते मला नाही पटलं. पोटाला हात लावायच्या आधी तळवे चोळून गरम करणारी इंटर्न मी बघितलीय, पेशंटने लगेच अंग सैल सोडलं आणि तिला लिव्हर नीट लागलं. हे कुठल्या ऑप्शनमध्ये लिहिणार? ते बघायला माणूसच लागतो. फक्त एक माणूस, एक पेशंट, एक दिवस एवढ्यावर ठरू नये. स्कॉटलंडमधल्या डंडीला हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली ओस्की नावाची प्रॅक्टिकल परीक्षेची पद्धत मांडली ती याचसाठी, छोट्या छोट्या कामांची स्टेशनं बरीच, परीक्षक वेगवेगळे, म्हणजे एकाची मर्जी किंवा एका पेशंटचं नशीब सगळा निकाल फिरवत नाही. आणि नुसती ठरलेल्या मुद्द्यांवर खुणा करायची चेकलिस्ट म्हणजे न्याय असंही नाही हं, अनुभवी परीक्षकाने एकूण बघून दिलेले मार्कसुद्धा तितकेच भरवशाचे असतात असं पुढच्या अभ्यासांत दिसलंय. एका केसला चमकलेला दुसऱ्या केसला अडतोच, म्हणून केस जास्त हव्यात.

माझ्या नर्सिंगच्या प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल मॅडम म्हणाल्या होत्या, बोलणं गावठी आहे तुझं. जेमतेम पास केलं. मार्कांचं दुःख वर्षभरात गेलं, पण माझा ट्रे लावताना नक्की काय चुकलं हे मला आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही आणि तेच जास्त लागलंय.

म्हणून तू सोमवारी तुमच्या इंटर्नल सरांना भेट. मार्क वाढवा म्हणू नकोस, ते आता होणार नाही. प्रेझेंटेशनमध्ये कुठे अडले, एक्झामिनेशनमध्ये काय राहिलं एवढंच विचार, आणि वही घेऊन जा. ते म्हणाले की तसं काही विशेष नाही, तर पुन्हा विचार, शांतपणे. कारण सांगणं त्यांचं कामच आहे.

काय म्हणाले ते रात्रीच कळव, नाइटलाच आहे मी, जागी असेन.

तुझी
आई