नव्या करारावर सही करण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

खडकी, पुणे

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुमचे पत्र परवा मिळाले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पुन्हा एका नव्या फुटबॉल क्लबशी, पुन्हा एकाच मोसमाचा करार कशासाठी करायचा, आणि इतकी वर्षे खेळूनही मी कुठेच स्थिर का झालो नाही, असे तुम्ही विचारले आहे. वाईला नातेवाईक विचारतात तेव्हा नक्की कोणत्या संघाचे नाव सांगायचे, हा आईचा प्रश्नही त्यात आहे. फोनवर आपले बोलणे जेवण आणि गुडघा यांपुढे जात नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो.

बाबा, तुम्ही दारूगोळा कारखान्यात लागलात आणि तिथूनच निवृत्त झालात. माझ्या खेळातही पूर्वी तशी सोय होती. एअर इंडिया, ओएनजीसी यांच्यासारख्या संघांत खेळाडूला आधी नोकरी मिळे आणि खेळ संपल्यावर तो त्याच कार्यालयात बसून निवृत्तीपर्यंत पगार घेई. तुमच्या मनात माझ्यासाठी तेच चित्र होते, हे मला ठाऊक आहे. पण मी व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाय रोवत होतो त्याच काळात ते दार बंद होत गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला, पहिली राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या फगवाड्याच्या जेसीटीने २०११ मध्ये संघ बंद केला, आणि क्लब परवान्याचे निकष पूर्ण होत नाहीत म्हणून २०१३ मध्ये एअर इंडिया व ओएनजीसी आय-लीगबाहेर, म्हणजे राष्ट्रीय लीगच्या जागी आलेल्या लीगबाहेर, गेले. त्यानंतर माझ्यासारख्याच्या हाती उरला तो केवळ करार, आणि करार मोसमापुरताच असतो.

आता पुण्याचे सांगतो, कारण ‘इथलाच एखादा संघ का धरत नाहीस’ हे तुम्ही अनेकदा म्हणाला आहात. बालेवाडीला आपण पुणे एफसीचे सामने पाहायला जायचो. २००७ मध्ये स्थापन झालेला तो क्लब २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आला आणि २०१२-१३ मध्ये डेरिक परेरांच्या मार्गदर्शनाखाली दुसरा. माझ्या वयाच्या इथल्या मुलांना त्या दिवसांत वाटले होते की आता आपल्याला गाव सोडावे लागणार नाही. पुढे काय झाले ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलेच आहे. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ थांबला. भारत एफसी २०१४-१५ चा एकच मोसम आय-लीग खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन मोसम खेळला. एफसी पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, होता. २०१९ मध्ये तो बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत चार व्यावसायिक संघ आले आणि गेले. आज देशातल्या वरच्या दोन लीगमध्ये पुण्याचा एकही संघ नाही. घराजवळ राहून हा व्यवसाय करण्याची निवड माझ्यासमोर कधी आलीच नाही, हे एकदा तुम्हाला स्पष्टपणे सांगायचे होते.

दुसरे कारण मैदानावरच्या माझ्या जागेचे, म्हणजे मधल्या फळीचे, आहे. संघाचा कणा म्हणजे मधला बचावपटू, मधल्या फळीतला मुख्य खेळाडू आणि पुढचा आघाडीवीर; आणि याच जागांसाठी क्लब परदेशी खेळाडू आणतात. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा अकरांपैकी सहा परदेशी एकाच वेळी मैदानावर असू शकत होते. २०१७-१८ पासून ही मर्यादा पाच झाली आणि २०२१-२२ पासून चार. सर्वांत जास्त दम होता त्या वयात मधल्या फळीत भारतीय खेळाडूला एखादी जागा मिळाली तर मिळे. ती ज्यांना मिळाली ते माझ्याहून सरस होते, असेच मी मानतो. पण प्रत्येक क्लबला आणखी एक माणूस लागतो: मुख्य खेळाडू जायबंदी झाला किंवा कार्डांमुळे बाहेर बसला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी उभा राहून संघाची घडी विस्कटू न देणारा. हे काम मला येते. एका क्लबची ती गरज संपली की दुसऱ्या क्लबची सुरू होते, म्हणून मी फिरतो. ज्या प्रशिक्षकांनी मला एकदा घेतले, त्यांतल्या काहींनी क्लब बदलल्यावर स्वतः फोन करून पुन्हा बोलावले. माझ्या दृष्टीने हीच माझी बढती आहे.

आई, तू सामना पाहतेस आणि नंतर म्हणतेस की तुझे नाव समालोचक घेतच नाही. मी काय करतो ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुला ते दिसेल. आपल्या सेंटर बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, पायात चेंडू असतो तेव्हा सगळे चेंडूकडे बघतात. मी त्याच वेळी आधी एका, मग दुसऱ्या खांद्यावरून मागे पाहून घेतो. पास माझ्यापर्यंत यायला एखाद-दोन सेकंद लागतात आणि चेंडू पायाला लागण्यापूर्वी माझा निर्णय झालेला असावा लागतो. पाठीशी कोणी चिकटला असेल तर एकाच स्पर्शात चेंडू आला तिकडे परत द्यायचा. तो दोन पावले लांब असेल तर अंग अर्धे वळवून दूरच्या पायावर घ्यायचा आणि पुढे खेळायचे. गोलकीपर लांब किक मारतो आणि दोघे हेडिंगसाठी उडी घेतात, तेव्हा मी उडीकडे पाहत नाही. डोक्याला लागून चेंडू जिथे पडेल तिथे आधी पोहोचतो. त्याला आम्ही सेकंड बॉल म्हणतो, आणि कित्येक सामने तिथेच ठरतात. आपला लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, पुढे गेला की त्याची मोकळी जागा मी धरतो. कधीकधी सगळा पूर्वार्ध तिथे चेंडू फिरकतच नाही, कारण मी उभा आहे हे पाहून समोरचा तिकडे पास देत नाही. एका सामन्यात मधल्या फळीतला खेळाडू सुमारे दहा ते बारा किलोमीटर धावतो आणि त्यातले बहुतेक धावणे चेंडूशिवाय असते. मला हे काम मनापासून आवडते. गोल करण्याची हौस मला लहानपणीही फारशी नव्हती.

पैशांबद्दल तुमची काळजी रास्त आहे. करार बहुधा नऊ-दहा महिन्यांचा असतो आणि मधल्या सुटीत पगार नसतो, म्हणून मी वर्षाचा हिशेब नेहमी नऊ महिन्यांवर मांडतो. एका क्लबने पगार थकवला होता ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्लेअर स्टेटस कमिटीकडे (खेळाडू आणि क्लब यांच्यातले वाद सोडवणाऱ्या समितीकडे) रीतसर तक्रार केली आणि उशिरा का होईना, पैसे मिळाले. त्यानंतर मी नियम नीट वाचले. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी कळवून पंधरा दिवसांची मुदत द्यायची, आणि तरीही तो मिळाला नाही तर खेळाडूला न्याय्य कारणाने करार संपवता येतो, अशी तरतूद फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, नियमावलीत २०१८ पासून आहे. भारतीय महासंघाचा आयएसएलच्या संयोजकांशी २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा व्यावसायिक करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता, म्हणून जुलै २०२५ मध्ये संयोजकांनी पुढचा मोसमच स्थगित ठेवला. त्या महिन्यांत माझ्याहून कितीतरी मोठे खेळाडू कराराविना घरी बसले होते. त्यामुळे या वर्षी हातात आलेला प्रस्ताव मी हलका मानत नाही.

प्रस्ताव ईशान्येकडच्या एका क्लबचा आहे. आई, तो भाग लांब आहे, पण परका नाही. तिथे फुटबॉलला किती मान आहे हे मी तिकडे सामने खेळायला गेलो तेव्हा पाहिले आहे. मिझोरामच्या ऐझॉल एफसीने २०१६-१७ मध्ये मोहन बागानसारख्या क्लबला मागे टाकून आय-लीग जिंकली, ती अशाच वेडापोटी. प्रशिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. संघातली मुले विशीची आहेत आणि सरावात त्यांच्याबरोबर कोणी अनुभवी असावा, अशी प्रशिक्षकांची इच्छा आहे. प्रशिक्षकाचे प्राथमिक पातळीचे डी लायसन्स माझ्याकडे आहेच. मोसम संपला की त्यापुढच्या सी लायसन्सचा अभ्यासक्रम करायचा आणि मग खडकीतच मुलांना शिकवायला सुरुवात करायची, असे मी ठरवले आहे. या मुलांना वर्षभर जवळून घडताना पाहिले तर त्या कामाला कोणत्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोग होईल. म्हणून मी हा प्रस्ताव स्वीकारणार आहे.

बाबा, कराराच्या मसुद्याची प्रत सोबत पाठवत आहे. आयुष्यभर तुम्ही सरकारी कागद वाचले आहेत. शब्दांतली खोच तुम्हाला माझ्याआधी दिसते. पगार पुढील महिन्याच्या दहा तारखेपर्यंत, खेळताना दुखापत झाल्यास उपचाराचा खर्च आणि त्या काळातला पगार क्लबकडे, राहण्याची सोय क्लबची, ही कलमे मला ठीक वाटतात. मात्र ‘कामगिरी समाधानकारक नसल्यास’ क्लबला करार संपवता येईल, असे एक वाक्य शेवटी घातले आहे. खराब कामगिरी हे करार मोडण्याचे न्याय्य कारण म्हणून फिफाच्या निवाड्यांत सहसा मानले जात नाही, तरीही ते वाक्य कागदावर राहू नये असे मला वाटते. ते कसे काढून घ्यावे आणि त्यांनी नकार दिला तर त्याऐवजी कोणते शब्द सुचवावेत, हे समासात पेन्सिलने लिहून प्रत परत पाठवा. सही महिनाअखेरीस करायची आहे. आणि आई, गुडघ्याची तपासणी झाली असून फिजिओने पूर्ण सरावाला परवानगी दिली आहे.

तुमचा,
धाकटा