वाकळ द्यायची तर शिवून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्या अंकात ब्लँकेट-वाटपाचे फोटो सुरू होतात. देणारे आठ-दहा, घेणारी म्हातारी एक, आणि सगळ्यांचे हात त्या एकाच ब्लँकेटला लागलेले. मागच्या फलकावर ‘मायेची ऊब’. टवाळी करायला हे पत्र लिहीत नाही; उघड्यावर झोपणाऱ्याला पांघरूण मिळालं हे चांगलंच झालं. पण त्याच सुमारास ‘घरातले जुने कपडे आणून द्या’ अशी आवाहनंही छापून येतात. त्याबद्दल घेणारीच्या बाजूनं थोडं सांगायचं आहे, कारण एकदा मी त्या बाजूला उभी होते.

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात. पाणी उतरल्यावर आत शिरलो, तर भांडी होती, लोखंडी कपाट होतं, घासूनपुसून घेण्यासारखं बरंच होतं. अंथरूण-पांघरूण मात्र सगळं गेलं. कापसाची गादी पाणी प्यायली की दोघांनाही उचलत नाही. सासूबाईंच्या हातच्या तीन वाकळा, म्हणजे जुन्या कापडाच्या गोधड्या, होत्या. चिखलासकट ओढत रस्त्यावर नेऊन टाकल्या. त्या आठवड्यात गल्लोगल्ली गाद्या-वाकळांचे ढीग लागले होते, त्यांचा वास अजून नाकात आहे.

मग मदत आली. भरपूर आली, आणि मनापासून आली, हे आधी नोंदवते. कपड्यांचं बोचकं आमच्या चौकात सोडलं तेव्हा त्यात एक टिकल्यांचा घागरा होता, काखेत उसवलेले सदरे होते, बिल्ला तसाच राहिलेला कुठल्याशा शाळेचा गणवेश होता. जन्मभर पोरांना शिकवलेली बाई मी, त्या ढिगात हात घालून चाचपत होते. शेजारीण म्हणाली, “बाई, हे आपल्याला दिलंय की आपल्याकडं टाकलंय?” मला उत्तर सुचलं नाही.

दोन दिवसांनी जत तालुक्यातून एक टेम्पो आला. जत म्हणजे आमच्या जिल्ह्याचा दुष्काळी भाग. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी माणसं पुरातल्या माणसांना भाकरी घेऊन आली होती. भाकरी आणि चटणीच्या पाट्यांखाली एक घडी घातलेली वाकळ होती. टेम्पोबरोबर आलेल्या आजी तिला ‘कौदी’ म्हणत. कर्नाटकाच्या शिवेवर हाच शब्द चालतो. नातवासाठी शिवायला घेतलेली, रात्रंदिवस बसून पुरी केली, म्हणाल्या. स्वच्छ धुतलेली, उन्हात वाळवलेली. ओल्या फरशीवर ताडपत्री, तिच्यावर ती कौदी, असे आम्ही दोघं महिनाभर झोपलो.

त्या थंडीत आम्ही पाच-सहा बायकांनी वाकळा शिवून द्यायला सुरुवात केली. बहुतेक जणी निवृत्त, दोघी धुणीभांडी करणाऱ्या. पहिल्याच दुपारी कळलं, की घरोघरी ‘वाकळेला घ्या’ म्हणून मिळणाऱ्या साड्यांपैकी निम्म्या वाकळेच्या कामाच्याच नाहीत. सिंथेटिक साडी घाम टिपत नाही, शिवाय आतलं भरण तिच्यावरून सरकतं आणि चार महिन्यांत एका कोपऱ्यात गोळा होतं. जरीचा काठ टोचतो. विजारीची जाड शिवण मध्ये आली की सुई मोडते. कामाचं म्हणजे वापरून वापरून मऊ झालेलं सूत: लुगडं, धोतर, पंचा, सुती चादर. ते आता घरांतून नाहीसं होत चाललंय. पूर्वी नऊवारी लुगड्यात एका वाकळेची खालची बाजू सहज निघायची.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: खालचं कापड जमिनीवर ताणून अंथरायचं, त्यावर तुकडे असे लावायचे की कुठं खड्डा नको नि कुठं उंचवटा नको, वरून दुसरं कापड, आणि मग चार बाजूंना चौघी बसून धावदोरा. काठापासून आत, चौकोनात चौकोन, मधोमध येईपर्यंत. प्रत्येकीचा टाका वेगळा पडतो. आमच्यातल्या एकीचा टाका इतका बारीक की तिची बाजू ओळखूच येते. माझी बाजूही ओळखू येते, पण वेगळ्या कारणानं. रोज दुपारचे दोन-अडीच तास धरले तर एका वाकळेला आठ-दहा दिवस जातात.

चुकाही केल्या. पहिल्या अकरा वाकळा मोठ्या उत्साहानं एका रुग्णालयाच्या बालविभागात नेल्या. तिथल्या परिचारिकेनं एक उचलून हातावर तोलली आणि परत दिली. “ही यंत्रात धुता येत नाही, मधे ओल राहते, आणि इथं पोरांना जंतुसंसर्गाची भीती. घरी ठीक आहे, इथं नको.” रिक्षात कोणी कोणाशी बोललं नाही. इतकं जीव ओतून केलेलं नाकारलं म्हणून मला रागच आला होता. पण बाई बरोबर होती. आम्ही आमच्या हौसेची जाडी शिवली होती, पोरांच्या गरजेची नव्हे. आता रुग्णालयासाठी नुसती चौघडी करतो: सुती साडीचे चार पदर, रोज पिळून वाळत टाकता येईल अशी. तीही रुग्णासाठी नाही, त्याच्याबरोबर आलेल्यासाठी. खाटेवरच्याला चादर मिळते. खाटेखाली, व्हरांड्यात, जिन्यात रात्र काढणाऱ्या नातलगाचा विचार कोण करतं? मुंबईत टाटा रुग्णालयात आलेल्यांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. स्वतः चिंध्या पांघरून फिरलेल्या त्या माणसाला निवाऱ्याची किंमत कळली होती, यात नवल नाही.

जाड वाकळा मग ऊसतोडीच्या टोळ्यांकडं गेल्या. दिवाळीनंतर बीडकडून, आमच्याच जतमधूनही माणसं येतात आणि थंडीचे महिने फडाशेजारच्या खोप्यांत काढतात. पहाटे धुक्यात आईबाप कोयता घेऊन निघतात, तान्ही पोरं बांधावर. त्यांना जुन्या धोतराची दुपटी शिवतो. इथं देताना एक शिकलो: हंगाम सुरू होतानाच द्यायचं. जानेवारीत फोटो चांगला येतो, पण तोवर दोन महिने पोर कुडकुडलेलं असतं. पुराचंही तेच. पहिल्या आठवड्यात कपड्यांचे डोंगर, आणि दिवाळीनंतर खरी थंडी पडते तेव्हा कोणी फिरकत नाही.

आता पैशांचं, जे लिहायला लोक संकोचतात. ‘आमच्या घरी खूप जुन्या साड्या पडल्यात, तुमच्या बायका फुकट शिवतातच की,’ असं मला कितीदा ऐकवलं गेलंय. आम्ही पेन्शनवाल्या फुकट शिवतो, ती आमची हौस. त्या दोघींना आम्ही शिलाई देतो, मोजून. तेवढ्या वेळात त्या आणखी एका घरची भांडी घासू शकल्या असत्या. आपल्याकडं दारोदार फिरून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका होत्या, काही ठिकाणी अजून आहेत. त्यांच्याशी वीस-तीस रुपयांसाठी घासाघीस करणारं घर तीच गोधडी शहरातल्या प्रदर्शनात हजारोंनी घेतं, हेही पाहिलंय. दिल्लीची ‘गूंज’ संस्था १९९९ पासून शहरातलं जुनं कापड खेड्यांत नेते, आणि ज्याचा कपडा म्हणून उपयोग उरला नाही त्याच्या सुजनी, म्हणजे गोधड्याच, शिवून घेते. तिथं कपडे भीक म्हणून नाही, गावात केलेल्या कामाचा मोबदला म्हणून दिले जातात. संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणावर हे जमतं, एवढ्यासाठी सांगितलं.

तर विनंती एवढीच, की यापुढं असं आवाहन छापाल तेव्हा खाली दोन ओळी घाला. कापड सुती हवं, धुतलेलं हवं, बटणं, हूक आणि चेन काढलेल्या हव्यात. आणि प्रत्येक बोचक्याबरोबर एका वाकळेची शिलाई पाकिटात घालून द्यावी. बोचकी कमी येतील. येऊ देत.

जतच्या आजींची कौदी अजून माझ्याकडं आहे. दोनदा कोणाला तरी द्यायची म्हणून कपाटातून काढली, उन्हात टाकली, आणि घडी घालून परत ठेवली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली